समुद्रातला नफा आणि उद्यमबागेतली थकबाकी

डिसेंबर तिमाहीचे निकाल जाहीर करायला शेअर बाजारातल्या कंपन्यांना ४५ दिवस मिळतात, म्हणजे १४ फेब्रुवारीपर्यंत. त्या पंधरवड्यात बेळगावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर निकालांचा पाऊस पडतो. ‘नफा दुप्पट’, ‘ऑर्डर बुक विक्रमी’, ‘मार्जिन सुधारलं’. समुद्रातल्या तेल-वायूची कामं करणाऱ्या कंपन्या त्यात हटकून असतात. कुणी तेलविहीर खोदणारी रिग भाड्याने देतं, कुणी समुद्रतळाशी पाइप टाकतं, कुणी प्लॅटफॉर्म उभारतं, कुणी त्यांना रसद पुरवणारी जहाजं चालवतं. या धंद्यातले आकडे इतर धंद्यांपेक्षा मोठ्या उड्या मारतात, म्हणून त्यांची चर्चाही जास्त. देशातली डिमॅट खाती ऑगस्ट २०२२ मध्ये दहा कोटींच्या पुढे गेली. आपल्या सीमाभागातला निवृत्त जवान, शिक्षक, निपाणीचा व्यापारी, खानापूरचा शेतकरी असे सगळे त्यात आले. पेन्शनीतले किंवा जमीन विकून आलेले पैसे या आकड्यांच्या भरवशावर लावले जातात.

माझा आक्षेप त्यांच्या गुंतवणुकीला नाही. आक्षेप त्या निकालालाच आहे. त्यात नफा लिहिलेला असतो. पण तिजोरीत खरोखर रोकड किती आली, आणि कंपनीने लहान कारखानदारांचे किती पैसे मुदत उलटूनही दिलेले नाहीत, हे लिहिलेलं नसतं. या दोन्ही गोष्टी दर तिमाहीला छापणं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सक्तीचं करावं, असं माझं म्हणणं आहे. ते मी बेळगावातून मांडतो आहे, याला कारण आहे. इथून समुद्र दिसत नाही, पण उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक पट्ट्यातल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांत, ओतलेली व्हॉल्व्हची आणि पंपाची कास्टिंग दोन-तीन हात फिरून तेल-वायूच्या कामांपर्यंत जातात. आयटीआय झालेले इथले फिटर आणि वेल्डर मुंबईच्या यार्डात आणि आखातात कामाला जातात. दाभोळहून बेंगळुरूकडे जाणारी गॅसवाहिनी याच जिल्ह्यातून गेलेली आहे. शेअर घेणारा, माल पुरवणारा आणि राबणारा, तिघेही इथे आहेत. आणि तिघांनाही निकालाची अर्धीच बाजू वाचायला मिळते.

आधी हा नफा तयार कसा होतो ते पाहू.

रिग किंवा जहाज भाड्याने देणाऱ्या कंपनीची कमाई रोजच्या दरावर चालते. समजा एका जॅक-अप रिगचा, म्हणजे समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या रिगचा, दर रोज ४० हजार डॉलर आहे. ९० दिवसांच्या तिमाहीत त्याचे ३६ लाख डॉलर होतात. त्यातले २० दिवस रिग दुरुस्तीसाठी बंद राहिली, की आठ लाख डॉलर गेले. खलाशांचे पगार, विमा आणि कर्जाचं व्याज मात्र त्या २० दिवसांतही चालूच राहतं. म्हणून एखाद्या तिमाहीत नफा निम्म्यावर येतो आणि पुढच्या तिमाहीत ‘दुप्पट’ होतो, आणि त्यात व्यवस्थापनाचं कर्तृत्वही नसतं की दोषही नसतो. जहाजांना ठरावीक वर्षांनी गोदीत न्यावंच लागतं. ती तिमाही पडतीचीच जाणार.

दुसरा मुद्दा पावसाळ्याचा. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. प्लॅटफॉर्म उभारणं, पाइप टाकणं ही कामं तेव्हा जवळपास थांबतात. त्यामुळे अशा कंपनीची जुलै-सप्टेंबरची तिमाही दुबळी असते आणि ऑक्टोबरनंतर कामाला जोर येतो. तरीही डिसेंबरचा निकाल सप्टेंबरच्या निकालाशेजारी ठेवून ‘तिमाहीत जबरदस्त झेप’ असं लिहिलं जातं. खानापूरच्या भात पिकवणाऱ्याची रोपलावणीच्या महिन्यातली मिळकत आणि सुगीच्या महिन्यातली मिळकत शेजारी मांडून ‘प्रगती’ म्हणण्यासारखंच हे आहे. तुलना करायची तर गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी. निकालाच्या तक्त्यात तो रकाना असतोच, पण संदेश पुढे ढकलणारे तो गाळतात.

इथपर्यंतचं सगळं ज्याला वाचता येतं त्याला कळतं. खरी अडचण कंत्राटी कामांत आहे. प्लॅटफॉर्म उभारण्याचं किंवा पाइप टाकण्याचं काम दोन-तीन वर्षं चालतं. ते संपेपर्यंत नफा दाखवायचा नाही असं ठरवलं, तर निकाल निरर्थक होतील. म्हणून जितकं काम झालं तितकी मिळकत दाखवायची, असा हिशेबाचा नियम आहे. पण काम किती झालं हे मोजायचं कशाने? बहुतेक वेळा खर्चाने. हा हिशेब आकड्यांत मांडतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

समजा कंत्राट १,००० कोटींचं. एकूण खर्च ९०० कोटी होईल असा कंपनीचा अंदाज. आजवर ४५० कोटी खर्च झाले, म्हणजे काम ५० टक्के झालं असं मानायचं. मिळकत ५०० कोटी, नफा ५० कोटी. आता कंपनीने ठरवलं की एकूण खर्च ९०० नाही, ८६० कोटीच होईल. खर्च झालेले ४५० तेवढेच, पण काम आता ५२ टक्क्यांहून थोडं जास्त ठरतं. मिळकत होते सुमारे ५२३ कोटी आणि नफा ७३ कोटी. समुद्रात एक बोल्टही जास्तीचा आवळला गेलेला नाही, आणि नफा २३ कोटींनी वाढला. उलटंही होतं. अंदाज १,०५० कोटींवर गेला तर या कामात एकूण ५० कोटींचा तोटा होणार हे दिसतं, आणि संभाव्य तोटा पूर्ण आणि लगेच दाखवायचा असा नियम आहे. म्हणजे आधी दाखवलेला ५० कोटींचा नफा पुसला जातो, वर ५० कोटींचा तोटा बसतो. एका तिमाहीत १०० कोटींचा फरक, आणि तोही फक्त अंदाज बदलल्यामुळे.

यात लबाडी असतेच असं मी म्हणत नाही. समुद्रातल्या कामाचा खर्च सांगणं अवघड असतं. हवामान बिघडतं, पोलाद महागतं, जहाज वेळेवर मिळत नाही. पण अंदाज तो अंदाजच. इटलीची सायपेम ही या क्षेत्रातली जुनी, नावाजलेली कंपनी. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने नवी योजना गुंतवणूकदारांपुढे ठेवली. तीनच महिन्यांनी, ३१ जानेवारी २०२२ ला, तिने सांगितलं की चालू कामांच्या खर्चाचा फेरआढावा घेतला असता वर्षाचा तोटा भागभांडवलाच्या एक तृतीयांशाहून जास्त होतो आहे. त्यात जमिनीवरची कामं आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांची कामंही होती. शेअर एका दिवसात सुमारे ३० टक्के पडला, आणि कंपनीला त्याच वर्षी दोन अब्ज युरोंचं नवं भांडवल उभं करावं लागलं. सायपेमच्या आधीच्या तिमाही निकालांत आकडे खोटे होते असं नाही. पण त्या आकड्यांखालचे अंदाज आतून पोखरले गेलेले होते, आणि नफ्याच्या ओळीत ते दिसत नव्हतं.

ऑर्डर बुकची गत याहून वेगळी नाही. हाती असलेल्या कामांची बेरीज म्हणून तो आकडा मिरवला जातो, पण ग्राहक काम थांबवू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये सौदी सरकारने तेल काढण्याची क्षमता वाढवण्याचा बेत सोडला. त्यानंतर तिथल्या अरामको या सरकारी तेल कंपनीने वीसहून अधिक जॅक-अप रिगची कंत्राटं तात्पुरती थांबवली. कंत्राट कागदावर राहिलं, रोजचा दर बंद झाला. शिवाय मोकळ्या झालेल्या रिग दुसरीकडे काम शोधू लागल्या, की तिथलेही दर खाली येतात.

आणि कर्ज. ही कथा आपल्याच देशातली आहे. रिग भाड्याने देणाऱ्या चेन्नईच्या अबान ऑफशोअरने २००६-०७ मध्ये सिंगापूरच्या उपकंपनीमार्फत नॉर्वेची सिनव्हेस्ट ही कंपनी मोठं कर्ज काढून विकत घेतली. तेव्हा तेल चढत होतं. २००८ च्या सुरुवातीला अबानचा शेअर पाच हजार रुपयांच्या वर होता. १३ मे २०१० ला तिची अबान पर्ल ही रिग व्हेनेझुएलाच्या समुद्रात बुडाली. सुदैवाने तिच्यावरची ९५ माणसं वाचली. २०१४ च्या मध्यानंतर तेल कोसळलं, ११० डॉलरच्या पुढे असलेलं पिंप जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आलं. खोल समुद्रातल्या जहाजांचा रोजचा दर जगभरात सहा लाख डॉलरवरून दोन लाखांच्या खाली गेला. कर्जाचे हप्ते मात्र घटले नाहीत. पुढे अबानची कर्जं थकली आणि शेअर दोन आकड्यांत आला. त्या काळात ‘व्याज, घसारा आणि कर धरण्यापूर्वीचा नफा’ असा आकडा पाहून शेअर धरून बसलेली माणसं मला माहीत आहेत. ज्या धंद्यात सगळी मालमत्ताच कर्जावर घेतलेलं, खाऱ्या पाण्यात गंजणारं पोलाद आहे, तिथे व्याज आणि घसारा वगळून नफा सांगणं मला मुळातच अप्रामाणिक वाटतं.

नफा अंदाजावर, ऑर्डर बुक ग्राहकाच्या मर्जीवर, आणि कर्जाचे हप्ते तेवढे ठरलेले. अशा वेळी वाचणाऱ्याच्या हातात खात्रीची एकच गोष्ट उरते, ती म्हणजे रोकड. बँकेत पैसा आला की नाही, यात अंदाजाला फारशी जागा नसते. कंपनी सलग तीन-चार तिमाही नफा दाखवते आणि कामातून रोकड मात्र येत नाही, तर कुठेतरी बिल अडकलं आहे, किंवा अजून बिलच काढता आलेलं नाही, किंवा ग्राहकाने जादा कामाचे पैसे नाकारले आहेत आणि कंपनीने ते मिळणारच असं धरलं आहे. लहान गुंतवणूकदाराला यातलं नेमकं काय ते कळलं नाही तरी चालेल. काहीतरी बिनसलं आहे एवढं कळलं तरी तो सावध होईल.

आपल्या नियमांत मात्र रोख प्रवाहाचा तक्ता आणि ताळेबंद दर सहा महिन्यांनी द्यायचा आहे. म्हणजे जून आणि डिसेंबर तिमाहीच्या निकालांत तो देणं बंधनकारक नाही. समुद्रातल्या कामांचा मुख्य हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो. हंगामातल्या पहिल्या तिमाहीचा निकाल फेब्रुवारीत येतो. त्यात नफ्याची झेप असते, रोकडीचा तक्ता नसतो. मग मार्चचा वार्षिक निकाल येतो, त्याला ६० दिवसांची मुदत, म्हणजे मेअखेर. फेब्रुवारीत शेअर घेणाऱ्याने सप्टेंबरनंतरचा ताळेबंद पाहिलेलाच नसतो.

आता याच्या शेजारी उद्यमबागेतला एक कारखाना ठेवून बघा.

लघुउद्योगांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. एका फाउंड्रीत मी दर महिन्याला बँकेचं स्टॉक स्टेटमेंट करायला बसतो. ऑफिस म्हणजे भट्टीच्या शेडलाच लावलेली प्लायवूडची खोली. टेबलावर कितीही फडकं मारा, चलनांवर काळ्या वाळूची पूड बसतेच. खिडकीबाहेर फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करायला, आलेल्या व्हॉल्व्हच्या बॉडी रांगेत असतात. प्रत्येकीवर हीट नंबर ठोकलेला, कारण पुढे कुठेही तडा गेला तर ती कुठल्या दिवशीच्या, कुठल्या ओतातली हे सांगता आलं पाहिजे. तेल-वायूच्या कामाला जाणाऱ्या मालाची तपासणी कडक असते. एक्स-रे होतो, धातूचा नमुना तपासला जातो, निरीक्षक येऊन सही करतो, आणि मगच माल हलतो. मागच्या महिन्यात मी बसलो असताना मालकांचा फोन चालू होता. “काय ओ साहेब, चार महिने झाले की. बघा की जरा.” पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांच्या तोंडावरूनच समजलं. फोन ठेवून ते म्हणाले, “वरून आले की देतो म्हणतेत, सर.” तेवढ्यात मोल्डिंगवरचा पोरगा दारात येऊन उभा राहिला. “अण्णा, उचल मिळंल काय शनिवारी?”

ते बिल साधारण पंधरा लाखांचं. त्याचा परिणाम किती लांब जातो, ते बघा. बँकेच्या कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची, मर्यादा दर महिन्याला ठरते ती मालाच्या साठ्यावर आणि येणं असलेल्या बिलांवर. बहुतेक बँका ९० दिवसांपुढची बिलं त्यात धरत नाहीत. समजा एकूण येणं ४० लाख आहे आणि बँक २५ टक्के मार्जिन कापते. सगळी बिलं ताजी असती तर ३० लाख उचलता आले असते. पंधरा लाखांचं बिल जुनं झालं, की उरलेल्या २५ लाखांवर पावणेएकोणीस लाखच मिळतात. म्हणजे गिऱ्हाइकाने पंधरा लाख थकवले, आणि त्यापायी बँकेनेही सव्वाअकरा लाख कमी केले. पैसा नेमका हवा तेव्हा दोन्हीकडून आटतो. शिवाय त्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी, दोन लाख सत्तर हजार, पुढच्याच महिन्यात भरून झालेला असतो. बिलाचे पैसे आले की नाही, हे कर भरताना कुणी विचारत नाही.

या कारखान्यात पन्नास माणसं नाहीत. तरी तो बँकेला दर महिन्याला साठा, येणी आणि देणी तारखांसकट लिहून देतो. चुकला तर दंडव्याज लागतं. आणि ज्या मोठ्या कंपनीच्या कामासाठी ही बॉडी ओतली गेली, तिच्याकडे हिशेबाची मोठी यंत्रणा आणि महागडी सॉफ्टवेअर असताना तिला ताळेबंद सहा महिन्यांतून एकदा दाखवला की पुरतं. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते बदलता येण्याजोगं आहे.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलेच पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. तक्रारीसाठी राज्याच्या परिषदा आहेत. मच्छेतला कारखानदार कर्नाटकाच्या परिषदेकडे जाईल, आणि दहा-बारा मैलांवरच्या, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीचा महाराष्ट्राच्या. पण जातो कोण? आज तक्रार केली की उद्यापासून पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डर, बंद, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. हे व्याज मागणारा कारखानदार माझ्या पाहण्यात क्वचितच आला आहे, आणि जो आला त्याने धंद्याचं नातं आधीच तोडलेलं होतं.

म्हणून तक्रारीपेक्षा उघडपणा महत्त्वाचा. आणि नेमका इथेच आपला नियम कच्चा आहे. कंपनीने थकवलेली लघुउद्योगांची देणी वार्षिक अहवालात द्यावी लागतात. २०२१ पासून ती किती जुनी आहेत त्यानुसार त्यांची विभागणीही द्यावी लागते. पण त्या तक्त्यातला पहिलाच रकाना ‘एक वर्षापेक्षा कमी’ असा आहे. कायदा म्हणतो ४५ दिवस आणि तक्ता सुरू होतो वर्षापासून! चार महिने, आठ महिने, अकरा महिने अडकलेली सगळी बिलं त्या एकाच रकान्यात शांतपणे बसतात. ४५ दिवसांपुढच्या थकबाकीचं विवरण कंपन्या दर सहा महिन्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाला भरतात, पण शेअर घेणारा तिमाही निकाल उघडतो तेव्हा ते त्याच्यासमोर नसतं.

आयकराच्या ४३बी(एच) या तरतुदीने काय झालं ते आठवा. १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या कर आकारणी वर्षापासून नियम असा, की सूक्ष्म-लघुउद्योगांचे मुदत उलटलेले पैसे वर्षाअखेर थकलेले असतील तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. त्याचं पहिलं आर्थिक वर्ष संपत होतं त्या मार्च २०२४ मध्ये उद्यमबागेत कधी नव्हे ते फोन न करता पैसे आले. काही गिऱ्हाइकांनी ‘नोंदणीच रद्द करा’ असा दबाव आणल्याच्या तक्रारीही तेव्हा ऐकू आल्या, ही दुसरी बाजू. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. मोठ्या कंपनीकडे पैसे नसतात असं नाही, तिला ते देण्याची तारीख कुणीतरी ठरवून द्यावी लागते. आज ती तारीख ३१ मार्च आहे. थकबाकी दर तिमाहीला जगापुढे मांडायची झाली, तर अशा तारखा वर्षात चार होतील.

यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि त्यातला एक वजनदार आहे.

जाणकारांचा एक गट म्हणतो की तीन-तीन वर्षं चालणाऱ्या कामाचे तीन-तीन महिन्यांचे तुकडे पाडणंच चूक. त्यामुळे कंपन्या पुढच्या तिमाहीपुरता विचार करतात. तिमाही निकालाची सक्तीच काढा. ब्रिटनने २०१४ मध्ये तसं केलं. अमेरिकेतही हा विचार राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पुन्हा पुढे केला आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. वर मी जे खर्चाच्या अंदाजाचं उदाहरण दिलं, त्यात तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात अंदाज ‘सुधारण्याचा’ मोह होतोच. पण त्यावर उपाय निकाल कमी करणं हा नाही, निकालात अंदाजाशेजारी रोकड ठेवणं हा आहे. मग अंदाज फुगवूनही फार काही साधत नाही. आणि ब्रिटनचं उदाहरण देणारे त्याचा उत्तरार्ध सांगत नाहीत. २०१७ पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांचे पैसे सरासरी किती दिवसांत दिले, मुदतीबाहेर किती दिले, हे वर्षातून दोनदा सार्वजनिकरीत्या जाहीर करावं लागतं. कुठल्याही लहान कारखानदाराला ऑर्डर घेण्याआधी ते पाहता येतं. आपल्याकडे ती सोय झाली तर मी तिमाही-सहामाहीच्या वादात फार ताणणार नाही.

खर्च वाढेल, वेळ लागेल, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. याच धंद्यातल्या, अमेरिकी बाजारात नोंदलेल्या रिग कंपन्या तिमाही विवरणात ताळेबंद आणि रोख प्रवाह देतात, आणि मोठ्या कंपन्यांना तिथे मुदत ४० दिवसांचीच आहे. बेंगळुरूची इन्फोसिस वर्षानुवर्षं तिमाही रोख प्रवाह देत आली आहे.

वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला उद्यमबागेतल्याच एका कारखानदाराने ऐकवला. ते म्हणाले, माझं गिऱ्हाईक ती समुद्रातली कंपनी नाहीच. माझं गिऱ्हाईक व्हॉल्व्ह बनवणारा, तो शेअर बाजारात नाही. वरच्या कंपनीने काहीही छापलं तरी मला काय? हे खरं आहे. पण पैसा अडतो कसा ते पाहा. वरचा ग्राहक म्हणजे बहुतेक वेळा ओएनजीसीसारखी सरकारी कंपनी. तिच्याकडून कंत्राटदाराला, कंत्राटदाराकडून व्हॉल्व्हवाल्याला, त्याच्याकडून फाउंड्रीला. अशा अनेक करारांत ‘आम्हाला मिळाले की तुम्हाला देऊ’ हे कलम असतं. बाजारात त्याला बॅक-टू-बॅक म्हणतात. वरच्या टोकाला एक बिल वादात सापडलं, की खालच्या सगळ्यांचं पाणी तुटतं. आणि आपलं पाणी नेमकं कुठे तुटलं हे खालच्याला कधीच कळत नाही. कंत्राटदार म्हणतो सरकारी कंपनी देत नाही, सरकारी कंपनी म्हणते आम्ही दिलं. कंत्राटदाराच्या निकालात त्या तिमाहीची रोकड दिसली, तर ‘वरून आलेच नाहीत’ हे खरं की बहाणा, हे बेळगावात बसूनही पडताळता येईल. कंपनीचं नाव घेऊन भांडायची हिंमत नसलेल्या माणसाला हा आकडा उपयोगी पडेल. तेवढ्याने सगळं सुटणार नाही, हे मी मान्य करतो. व्हॉल्व्हवाल्यासारख्या, बाजारात न नोंदलेल्या कंपन्यांसाठी मंत्रालयाकडचं सहामाही विवरण सर्वांना सहज पाहता येईल असं करावं लागेल.

राबणाऱ्यांचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नसतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याचा तरंगता तराफा, बुडाला. त्याच्यावर २६१ माणसं होती, त्यातली सत्तरहून अधिक गेली. ती बहुतेक कंत्राटी कामगार होती. पावसाळ्याआधीचे हंगामाचे ते शेवटचे आठवडे होते. अपघाताची कारणं काय, यावर मी इथे बोलणार नाही. पण कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे राबणाऱ्या आपल्याकडच्या वेल्डरला पगार केव्हा मिळतो, हेही त्याच वरच्या रोकडीवर ठरतं. एका ६जी, म्हणजे पाइप जोडण्याची अवघड परीक्षा पास झालेल्या, वेल्डरने मला दोन महिन्यांचा पगार एकदम जमा झाल्याचं पासबुक दाखवलं होतं. मधल्या दोन महिन्यांत त्याच्या घरच्यांनी गावातल्या सोसायटीतून उचल घेतली होती. त्या उचलीचं व्याज त्याच्या घराने भरलं. कंपनीच्या खर्चात ते कुठेही आलं नाही.

मागणी काय करायची ते नेमकं हवं, नाहीतर निवेदनं फायलीत जातात. तिमाही निकालाच्या तक्त्यात रोख प्रवाह आणि ताळेबंद यावा, जून आणि डिसेंबरलाही. कंत्राटी काम करणाऱ्या कंपनीने बिल न काढलेली मिळकत किती, ग्राहकाने मान्य न केलेली किती, आणि खर्चाचा अंदाज बदलल्यामुळे त्या तिमाहीचा नफा किती बदलला, हे सांगावं. सूक्ष्म-लघुउद्योगांची ४५ दिवसांपुढची थकबाकी एका ओळीत, गेल्या तिमाहीच्या आकड्याशेजारी यावी. आणि वार्षिक अहवालातल्या देण्यांच्या तक्त्यात पहिला रकाना वर्षाचा न ठेवता ४५ दिवस, ९० दिवस, १८० दिवस असा फोडावा.

सेबी नियम बदलण्याआधी मसुदा संकेतस्थळावर टाकते आणि लोकांच्या सूचना मागवते. आजवर तिथे सूचना जातात त्या प्रामुख्याने मुंबईच्या दलाल पेढ्यांच्या, म्युच्युअल फंडांच्या आणि कंपन्यांच्या संघटनांच्या. बेळगाव चेंबर ऑफ कॉमर्सने, इथल्या फाउंड्रीवाल्यांनी, शिनोळी आणि गडहिंग्लजच्या कारखानदारांनी एकत्र येऊन पाठवलेलं निवेदन तिथे असायला हवं. त्याला जोडायचे कागद प्रत्येकाच्या कपाटात आहेत. बिल, माल पोचल्याची पावती, निरीक्षकाच्या सहीचं प्रमाणपत्र, जीएसटी भरल्याचं चलन, आणि पैसे जमा झाल्याच्या तारखेचा बँकेचा उतारा. गिऱ्हाइकाचं नाव झाकून, फक्त तारखा दिसतील अशा प्रती काढल्या तरी पुरे. मी ज्या कारखान्यांचे हिशेब लिहितो, त्यांतल्या तयार असतील त्यांचे कागद लावून द्यायचं काम मी करीन.